अहवालाला उशीर का होतो?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात वाणिज्य शाखेचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलावणे पाठविले तेव्हा 'मुलांना काही उपयोगाचे सांगा' एवढीच सूचना केली होती. मोठमोठ्या विषयांवर बोलणारे विद्वान या व्यासपीठावर दरवर्षी येतात. मी त्यांच्यापैकी नाही. व्यापाऱ्यांच्या हिशेबाची सॉफ्टवेअर दुरुस्त करणे हा माझा धंदा आहे. तेव्हा माझ्या धंद्यातलीच एक गोष्ट मी आज सांगणार आहे. हिशेबाचा डेटाबेस मोठा झाला की त्यातून अहवाल निघायला उशीर का लागतो, आणि तो उशीर कसा दूर करावा, हा माझा विषय.

विषय रुक्ष आहे हे मी कबूल करतो. परंतु याच उशिरापायी एका होतकरू मुलीची नोकरी जाण्याची वेळ आली होती. ती हकीकत सांगितली म्हणजे विषय आपोआप समजेल.

एका पेढीची हकीकत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पाइप, नळ, सिमेंट अशा बांधकामाच्या मालाची एक घाऊक पेढी. मुख्य दुकान नवी मुंबईत आणि शाखा महाडला. अकरा वर्षांचा सगळा हिशेब एका डेटाबेसमध्ये. खात्यांवरच्या नोंदींच्या ओळी साठ लाखांच्या घरात गेलेल्या. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, तेव्हापासून राज्यातल्या राज्यात केलेल्या प्रत्येक विक्रीत केंद्राचा कर आणि राज्याचा कर अशा दोन वेगळ्या ओळी पडू लागल्या, त्यामुळे नोंदींची संख्या पूर्वीपेक्षा झपाट्याने वाढत होती. हे सॉफ्टवेअर त्या पेढीसाठी मुद्दाम लिहून घेतलेले होते.

महाडच्या शाखेत हिशेबाला एक मुलगी होती. बी. कॉम. झालेली, जवळच्याच गावातली. त्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी ती पहिलीच. धाकट्या भावाची फी तिच्या पगारातून जात असे.

पेढीचा नियम असा होता की उधारीवर गाडी भरण्यापूर्वी त्या गिऱ्हाइकाची थकबाकी पाहायची. कोणत्या बिलाचे किती येणे आहे आणि ते किती दिवसांचे आहे, हे दाखविणारा एक अहवाल असतो. नियम चांगला होता, पण महाडला हा अहवाल निघायला चाळीस मिनिटे लागत. फाटकात ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे, गिऱ्हाईक खोळंबले आहे; अशा वेळी चाळीस मिनिटे कोण थांबणार? म्हणून सकाळी एकदा कागद छापून ठेवायचा आणि दिवसभर तोच पाहायचा, अशी रीत पडली होती. एके दिवशी सकाळच्या कागदावर ज्याचे खाते साफ दिसत होते, त्याचा मोठा धनादेश दुपारी न वटता परत आल्याची नोंद मुख्य दुकानात झाली. संध्याकाळी त्याच गिऱ्हाइकाची आणखी एक गाडी महाडहून उधारीवर गेली. ते पैसे अडकले.

शेठनी मुलीला बोलावून विचारले, "अहवाल पाहिल्याशिवाय गाडी सोडलीच कशी?" तिने सांगितले, "शेठ, अहवाल निघेपर्यंत गाडी थांबत नाही." हे उत्तर शेठना उद्धटपणाचे वाटले. महिनाअखेर तिला रजा द्यायची, असे त्यांनी मनात ठरवून टाकले.

तीन सल्ले

मला बोलावण्यात आले ते निराळ्याच कारणासाठी. नवा सर्व्हर किती मेमरीचा घ्यावा, एवढेच शेठना विचारायचे होते. पेढीला यंत्रे विकणाऱ्या गृहस्थांनी तसा सल्ला दिला होता आणि भाव काही लाखांचा होता. दुसरा सल्ला शेठच्या भाच्याचा होता. तो म्हणाला, "मामा, जुनी पाच-सहा वर्षे पुसून टाका. गाडी हलकी झाली की पळेल." तिसरा सल्ला आणखी कोणीतरी दिला होता. दुसरे लोक नोंदी लिहीत असले तरी त्यांच्यासाठी न थांबता, जे काही त्या क्षणी सापडेल ते वाचून अहवाल काढावा, अशी एक सवलत काही डेटाबेसमध्ये असते. ती चालू करावी, असे त्याचे म्हणणे होते.

हे तिन्ही सल्ले आजही ठिकठिकाणी दिले जातात. म्हणून त्यांचा क्रमाने विचार करू.

नवे यंत्र कधीकधी खरोखरच लागते. मेमरी फारच अपुरी असेल, किंवा डिस्क जुन्या फिरत्या तबकडीची असेल, तर ती बदलल्याने फरक पडतो. पण यंत्र व्यर्थ काम करीत असेल, तर दुप्पट वेगाचे यंत्र तेच व्यर्थ काम निम्म्या वेळात करील, इतकेच. नोंदी दुप्पट झाल्या की आपण पुन्हा मूळ जागी.

जुन्या नोंदी पुसणे हा तर गुन्ह्याकडे नेणारा मार्ग आहे. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे कंपन्यांना हिशेबाची पुस्तके निदान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरण भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने कागदपत्रे ठेवावी लागतात. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांनी वापरायच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतील फेरबदलाची खूण राहिली पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. जुन्या वर्षांच्या नोंदी त्याच डेटाबेसमध्ये वर्षवार वेगळ्या कप्प्यांत ठेवता येतात, म्हणजे चालू वर्षाच्या कामात त्यांची अडगळ होत नाही. कप्प्यात ठेवणे वेगळे आणि पुसणे वेगळे.

तिसरा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. हिशेबात एक रक्कम एका खात्याला नावे पडते आणि दुसऱ्या खात्याला जमा होते. वाचणाऱ्याने थांबायचे नाही असे ठरविले, तर नावेची ओळ लिहून झाली आहे आणि जमेची अजून व्हायची आहे अशा मधल्या अवस्थेतही तो वाचून जातो. एखादी ओळ दोनदा मोजली जाऊ शकते, एखादी सुटू शकते. लिहून पुरी न झालेली आणि पुढच्या क्षणी रद्द होणारी नोंदही बेरजेत येऊ शकते. असा अहवाल लवकर निघेल, पण त्याच्यावर विसंबून गाडी सोडणारा फसेल. वाचणारे आणि लिहिणारे यांची एकमेकांना अडचण होऊ नये यासाठी सरळ उपाय आहेत. डेटाबेसच्या एका ठरावीक क्षणाच्या स्थितीवरून अहवाल काढता येतो, किंवा अहवालांसाठी मूळ डेटाबेसची दुसरी प्रत सतत चालू ठेवता येते. प्रत काही क्षण मागे असेल, पण तिच्यात अर्धवट लिहिलेली नोंद दिसणार नाही.

वहीतला पुरावा

मी शेठना म्हटले, "यंत्र घेण्यापूर्वी उशीर नेमका कोठे होतो हे मला पाहू द्या." त्यांनी महाडला फोन लावून दिला. त्या मुलीने जे सांगितले ते ऐकून मी चकित झालो. तिने सहा महिने एक शंभरपानी वही ठेवली होती. अहवालाचे नाव, कोठून काढला, सुरू केल्याची वेळ, निघाल्याची वेळ. कोणी सांगितले नव्हते. तिला चैन पडत नव्हते म्हणून तिने लिहिले होते.

त्या वहीत तीन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या.

पहिली: एका गिऱ्हाइकाचा खातेउतारा काढायला चार मिनिटे लागत. ज्या गिऱ्हाइकाच्या वर्षात हजार नोंदी आहेत त्यालाही चार मिनिटे, आणि ज्याच्या चारच नोंदी आहेत त्यालाही चार मिनिटे.

दुसरी: थकबाकीचा अहवाल महाडहून काढला तर चाळीस मिनिटे, आणि ती नवी मुंबईला गेली असता तिथून काढला तर तोच अहवाल तीन मिनिटांत.

तिसरी: तेरीज काढायला लागणारा वेळ दर महिन्याला थोडा थोडा वाढत होता. खाती तेवढीच, कागदाची पाने तेवढीच, पण वेळ जास्त.

विद्यार्थी मित्रांनो, माझ्या धंद्यात याला निदान म्हणतात. डॉक्टर नाडी पाहतो, तशी ही वही होती. तिच्यामुळे तीन अहवालांचे तीन वेगळे आजार आहेत हे मला यंत्राला हात लावण्यापूर्वीच कळले. एकच नवा सर्व्हर घेऊन तिन्ही बरे झाले नसते. आता एकेक आजार पाहू.

पहिला आजार : अनुक्रमणिका नसलेली खातेवही

माझे वडील एका लाकडाच्या वखारीत दिवाणजी होते. त्यांच्या खातेवहीच्या पहिल्या पानांवर अक्षरवार अनुक्रमणिका असे. 'मु' काढला की मुजावरांचे पान कळे. त्यांनी कधी एका खात्यासाठी वहीची सगळी पाने चाळली नाहीत. तसे केले असते तर चार नोंदींच्या खात्यालाही हजार नोंदींच्या खात्याइतकाच वेळ लागला असता. त्या मुलीच्या वहीत नेमके हेच दिसत होते. यंत्र प्रत्येक उताऱ्यासाठी साठ लाख ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होते आणि बाकीच्या टाकून देत होते.

डेटाबेसमध्येही अनुक्रमणिका करता येते. तिला इंडेक्स म्हणतात. ती कशी काम करते याचा हिशेब सोपा आहे. साठ लाख नावे क्रमाने लावलेली असतील आणि दर वेळी निम्मा भाग सोडून द्यायचा असेल, तर जास्तीत जास्त २३ वेळा पाहून हवे ते नाव सापडते. प्रत्यक्षात डेटाबेस याहूनही हुशारी करतो. तो अनुक्रमणिकेच्या एका पानावर शेकडो खुणा ठेवतो. समजा, एका पानावर ३०० खुणा आहेत. पहिल्या पानावरून ३०० पानांकडे, त्या प्रत्येकावरून आणखी ३०० पानांकडे जाता येते. अशा तीनच पायऱ्यांत २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते. या रचनेला बी-ट्री म्हणतात. अमेरिकेतील बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्राइट यांनी ती बसविली आणि १९७२ साली तिच्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. आज पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर या सगळ्या डेटाबेसच्या पोटात हीच रचना आहे.

आम्ही 'आधी गिऱ्हाईक, मग तारीख' अशा क्रमाने इंडेक्स केला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी तारीख आणि मग गिऱ्हाईक असे लावले असते, तर एका गिऱ्हाइकासाठी वर्षाच्या सगळ्या तारखा चाळाव्या लागल्या असत्या. ज्याची नेमकी एकच किंमत हवी आहे ते आधी, ज्याचा 'अमुकपासून तमुकपर्यंत' असा पल्ला हवा आहे ते नंतर, हा नियम लक्षात ठेवावा.

तरीही एका ठिकाणी अडले. पेढीचे दुसरे एक यादीचे पान तारखेच्या इंडेक्सवरून निघायला हवे होते, पण डेटाबेस इंडेक्सकडे ढुंकून पाहीना. कारण सॉफ्टवेअर त्याला असा प्रश्न विचारत होते: 'ज्या नोंदीच्या तारखेवरून काढलेले आर्थिक वर्ष २०२२-२३ येते, त्या नोंदी दे.' आर्थिक वर्ष काढायचे म्हणजे प्रत्येक नोंदीची तारीख वाचून आकडेमोड करणे आले. अनुक्रमणिका तारखेची आहे, आर्थिक वर्षाची नाही. आम्ही प्रश्न बदलला: 'ज्यांची तारीख १ एप्रिल २०२२ किंवा त्यानंतरची, आणि १ एप्रिल २०२३ च्या आधीची आहे, त्या नोंदी दे.' अर्थ तोच, पण आता तारीख जशी लिहिली आहे तशीच तपासता येते, म्हणून इंडेक्स उपयोगी पडला. '३१ मार्चपर्यंत' असे न म्हणता '१ एप्रिलच्या आधी' असे का म्हटले? तारखेबरोबर वेळही नोंदविलेली असेल, तर '३१ मार्चपर्यंत' म्हणताना त्या दिवशी सकाळी-दुपारी झालेल्या नोंदी निसटण्याचा धोका असतो.

एक सावधगिरी सांगतो. इंडेक्स फुकट मिळत नाही. प्रत्येक नवी नोंद लिहिताना प्रत्येक इंडेक्सही दुरुस्त करावा लागतो. एका वहीला दहा अनुक्रमणिका केल्या तर दिवाणजी लिहिता लिहिता थकेल. जे अहवाल रोज लागतात त्यांच्यापुरतेच इंडेक्स ठेवावेत.

दुसरा आजार : एकेक चिठ्ठी

थकबाकीचा अहवाल महाडहून चाळीस मिनिटे आणि नवी मुंबईहून तीन मिनिटे. यंत्र एकच, नोंदी त्याच, फक्त अंतर वेगळे. म्हणजे वेळ वाचण्यात जात नव्हता, येण्याजाण्यात जात होता.

सॉफ्टवेअर असे लिहिलेले होते: आधी बिलांची यादी मागवायची, मग पहिल्या बिलाचे किती पैसे आले ते विचारायचे, उत्तर आले की दुसऱ्या बिलाचे विचारायचे, मग तिसऱ्याचे. बिले साठ हजार. महाडहून प्रश्न जाऊन उत्तर परत यायला सेकंदाचा पंचविसावा भाग, म्हणजे ४० मिलिसेकंद लागत. हे ऐकायला काहीच नाही. पण साठ हजारांनी गुणा. चोवीसशे सेकंद, म्हणजे बरोबर चाळीस मिनिटे! मुलीच्या वहीतला आकडा आणि हा गुणाकार जुळला तेव्हा मला जो आनंद झाला, तो तेरीज जुळल्यावर दिवाणजीला होतो तसाच होता.

घरात पाहुणे आले आहेत आणि वाण्याकडून वीस जिनसा आणायच्या आहेत. आपण मुलाला वीस वेळा दुकानात पाठवीत नाही. एकच यादी देतो. डेटाबेसलाही एकच यादी द्यावी: 'सर्व बिले घे, प्रत्येकासमोर त्याची वसुली मांड, बिलवार बेरीज कर आणि ज्यांची बाकी शून्य नाही तेवढीच मला दे.' एवढे सगळे एका वाक्यात विचारण्याची सोय आहे. आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी १९७० साली अशी कल्पना मांडली की सगळी माहिती कोष्टकांत ठेवावी, आणि माणसाने काय हवे तेवढेच सांगावे. ते कोणत्या वाटेने शोधायचे हे यंत्रावर सोपवावे. त्याच विचारातून पुढे १९७४ च्या सुमारास एसक्यूएल या भाषेचा पाया घातला गेला. ती भाषा हाताशी असून एकेक चिठ्ठी पाठवीत बसणे म्हणजे होडी असून नदी पोहून जाण्यासारखे आहे.

प्रश्न एकत्र केल्यावर महाडला अहवाल काही सेकंदांत निघू लागला. ट्रकच्या ड्रायव्हरला हॉर्न वाजविण्याची सवड राहिली नाही.

तिसरा आजार : पहिल्या पानापासून बेरीज

तेरीज दर महिन्याला हळू होत होती. कारण आजच्या तारखेची बाकी काढण्यासाठी सॉफ्टवेअर अकरा वर्षांपूर्वीच्या पहिल्या नोंदीपासून बेरीज करीत होते. इथे इंडेक्सचा फारसा उपयोग नाही. सगळ्याच ओळी हव्या असतील तर अनुक्रमणिका काय करणार?

वडिलांच्या वहीत प्रत्येक पानाच्या शेवटी बेरीज असे आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून' असे लिहून तीच रक्कम आणलेली असे. वर्ष संपले की बाकी नव्या वहीत ओढली जाई. त्यांनी मागच्या वर्षाची बेरीज पुन्हा कधी केली नाही. संगणकात आल्यावर ही साधी गोष्ट आपण विसरलो.

आम्ही एक नवे कोष्टक केले. प्रत्येक खात्याची प्रत्येक महिन्याची नावे बेरीज आणि जमा बेरीज. समजा, खाती ८०० आणि महिने १३२. फार तर एक लाख पाच हजार सहाशे ओळी. साठ लाखांच्या ऐवजी एवढ्याच वाचायच्या आणि चालू महिन्याच्या सुट्या नोंदी वरून मिळवायच्या. तेरीज चटकन निघाली. शेठ खूश झाले. मीही खूश झालो.

आणि इथेच माझी चूक झाली, ती मी आपल्यासमोर कबूल करतो. तिसऱ्या आठवड्यात महाडहून फोन आला. "सर, तेरीज लवकर निघते, पण आमच्या वाहतूक खर्चाची बाकी खातेउताऱ्याशी जुळत नाही." मी म्हटले, "पुन्हा पाहा." ती म्हणाली, "तीनदा पाहिली." मुलीचे खरे होते. कोणीतरी मागच्या महिन्याच्या तारखेने एक नोंद उशिरा टाकली होती. नोंद मूळ वहीत गेली, पण तयार बेरजेच्या कोष्टकात गेली नाही. नोंद आणि बेरीज दोन्ही एकदमच लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि एक अडली तर दुसरीही रद्द झाली पाहिजे, ही काळजी मी सर्व ठिकाणी घेतली नव्हती. मागच्या तारखेच्या नोंदीची वाट माझ्या नजरेतून सुटली होती.

मग ती वाट बंद केली. महिना तपासून झाला की त्याला कुलूप लावायचे. कुलूप उघडायचे तर अधिकारी माणसाने कारण लिहून उघडायचे. शिवाय रोज रात्री कोणी काम करीत नसताना मूळ ओळींची बेरीज आणि तयार बेरीज ताडून पाहायची, आणि एका पैशाचा फरक आला तरी सकाळी पहिल्या पडद्यावर दाखवायचा. पालकांनो, वेग मिळाल्याच्या आनंदात माणूस तपासणे विसरतो. त्या मुलीने फोन केला नसता तर पेढीच्या हातात जलद पण खोटा कागद राहिला असता.

विद्यार्थ्यांना

आता आपल्यासाठी चार शब्द.

तुमच्यापैकी पुष्कळजण पुढे तयार सॉफ्टवेअरवर काम कराल. त्यातील आतले प्रश्न तुम्हांला बदलता येणार नाहीत. तरीही तुमच्या हातात बरेच असते. गरज असेल तेवढ्याच मुदतीचा अहवाल मागा. महिन्याचे काम असताना सर्व वर्षांचा मागू नका. ज्या सॉफ्टवेअरची माहिती फाइलमध्ये राहते, ती फाइल दुसऱ्या यंत्रावर ठेवून जाळ्यातून उघडली तर अहवालासाठी पुष्कळ माहिती तारेतून वाहून आणावी लागते. तोच अहवाल माहिती असलेल्या यंत्रावरूनच काढून पाहा. वही ठेवा. बनविणाऱ्याकडे तक्रार नेताना 'फार हळू चालते' असे मोघम न सांगता कोणता अहवाल, किती नोंदी, कोठून, किती वेळ, हे लिहून द्या. अशा तक्रारीला उत्तर द्यावेच लागते.

ज्यांना खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी आज दार उघडे आहे. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस विनामूल्य मिळतो आणि साध्या संगणकावर चालतो. त्यात दहा लाख खोट्या नोंदी भरा. एक प्रश्न विचारा. त्या प्रश्नाआधी 'एक्सप्लेन ॲनलाइझ' हे दोन शब्द लिहिले की डेटाबेस स्वतःच सांगतो की मी कोणत्या वाटेने गेलो, किती ओळी मिळतील असा माझा अंदाज होता, प्रत्यक्षात किती मिळाल्या आणि कोठे किती वेळ गेला. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत फार तफावत दिसली, तर त्याची आतली खानेसुमारी जुनी झाली आहे असे समजावे आणि ती ताजी करावी. 'ॲनलाइझ' या एका आज्ञेने ते होते. मग एक इंडेक्स करा आणि पुन्हा विचारा. एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी मोजा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही. चार संध्याकाळी एवढे केलेत, तर वर्षभराच्या वर्गात शिकता आले नसते इतके शिकाल.

पालकांना

पालकांना माझी विनंती एवढीच. मुलाला किंवा मुलीला हिशेबाच्या संगणक वर्गाला घालताना फी विचारता, तसे हेही विचारा की इथे नुसती बटणे शिकविता, की बटणामागे काय चालते तेही शिकविता? बटणे दर दोन-चार वर्षांनी बदलतात. रोजकीर्द, खातेवही, तेरीज यांचा अर्थ ज्याला पक्का समजला आहे, त्याला कोणतेही सॉफ्टवेअर परके वाटत नाही. माझ्या हकीकतीत मी इंडेक्स केले, प्रश्न बदलले. पण रोग ओळखला तो बी. कॉम. झालेल्या मुलीने, आणि माझी चूक पकडली तीही तिनेच. तिला संगणकाची भाषा येत नव्हती. तिला हिशेब येत होता, आणि न जुळणारा आकडा तिला स्वस्थ बसू देत नव्हता.

तिचे पुढे काय झाले हे आपल्याला ऐकायचे असेल. नवा सर्व्हर त्या वर्षी घेतला गेला नाही. महिनाअखेरची रजाही कोणी पुन्हा काढली नाही. शेठनी तिची माफी मागितली असे मी म्हणणार नाही. तसा त्यांचा स्वभाव नव्हता. परंतु दुसऱ्या महिन्यापासून महाडच्या शाखेत एक नवा नियम लागला. उधारीची कोणतीही गाडी तिची सही असल्याशिवाय फाटकाबाहेर जाणार नाही.